मिरासदार आणि उपरी : मानवी त्वचेवरील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाचा इतिहास

१/२०
साबणाने हात स्वच्छ धुतल्यावर त्यांवर काय उरते? १९३८ साली फिलिप प्राइस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने या प्रश्नाचे उत्तर मोजून दिले. निर्जंतुक पाण्याची पात्रे ओळीने मांडायची. पहिल्या पात्रात ठरावीक वेळ ब्रशने हात घासायचे, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. आणि अखेरीस प्रत्येक पात्रातल्या पाण्यात किती जिवाणू उतरले ते मोजायचे. सुरुवातीच्या पात्रांत जिवाणूंची संख्या झपाट्याने घटली. पुढे ही घट मंदावली आणि एका संथ, नियमित गतीवर स्थिरावली. शेवटच्या पात्रापर्यंत जिवाणू निघतच राहिले. हात पूर्णपणे रिकामे झालेच नाहीत. हा धागा त्या न निघणाऱ्या जिवाणूंचा आणि त्यांचा शोध घेणाऱ्या माणसांचा आहे.

२/२०
या आकड्यांवरून प्राइस यांनी त्वचेवरील जिवाणूंचे दोन वर्ग केले. पहिला वर्ग बाहेरून येऊन चिकटणाऱ्यांचा. तो धुण्याने सहज निघतो. दुसरा वर्ग त्वचेतच राहणाऱ्या आणि तिथेच वाढणाऱ्यांचा. तो घासण्याने कमी होतो, पण नाहीसा होत नाही. मराठेशाहीच्या अभ्यासकांना ही विभागणी ओळखीची वाटेल. गावगाड्यात जमीन कसणारे दोन प्रकारचे होते : वंशपरंपरागत हक्क असलेला मिरासदार आणि बाहेरून येऊन तात्पुरती जमीन कसणारा उपरी. मिरासदार दुष्काळात गाव सोडून गेला, तरी परतल्यावर आपले शेत मागण्याचा त्याचा हक्क गाव मान्य करीत असे. त्वचेवरचे मिरासदारही असेच आहेत. धुऊन घालवले, तरी काही काळाने ते आपल्या जागी परत येतात.

३/२०
आज ही गोष्ट साधी वाटते. पण ती समजण्यासाठी वैद्यकशास्त्राला फार मोठा काळ लागला. याचे एक कारण असे की त्वचेवरील सूक्ष्मजीवांविषयी जो प्रश्न विचारला गेला, तो दीर्घकाळ एकच होता : यांना घालवायचे कसे? ते तिथे करतात काय, हा प्रश्न बराच उशिरा आला. दुसरीही एक बाब आहे. त्वचेवरच्या जीवांचा अभ्यास करायचा, तर कोणाची तरी त्वचा लागते. ती कधी शल्यचिकित्सकाची स्वतःची होती, कधी पाळण्यातल्या नवजात अर्भकाची, तर कधी तुरुंगातल्या कैद्याची. म्हणून या विषयाचा इतिहास वाचताना कोणता शोध लागला याबरोबरच तो कोणाच्या त्वचेवर लागला, हेही पाहावे लागते.

४/२०
सुरुवात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयापासून करावी लागेल. तिथे दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील ११ हून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या. दुसऱ्या विभागात हे प्रमाण तीनच्याही खाली होते. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरला हा फरक छळत होता. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून झालेल्या जखमेने मरण पावला, आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींच्या शवांत दिसणारीच लक्षणे आढळली. झेमेलवाइसला दुवा सापडला : विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिविभागात येत होते. सुइणी शवविच्छेदन करीत नव्हत्या.

५/२०
हातांना येणारा शवाचा वास साबणाने जात नाही, हे झेमेलवाइसने हेरले. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातील मृत्युदर १८.३ टक्के होता. जूनमध्ये तो २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आला. तरीही व्हिएन्नाच्या मातब्बर वैद्यांनी त्याचे म्हणणे सहजी स्वीकारले नाही. १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. प्राइस यांच्या भाषेत सांगायचे, तर झेमेलवाइस ज्यांच्याशी लढला ते सारे उपरी होते : शवावरून हातावर आलेले आणि हातावरून बाळंतिणीच्या शरीरात गेलेले. हातावर मुळातच कोणी राहते का, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. सूक्ष्मजीवांपासून रोग होतात हा सिद्धान्तच अजून प्रस्थापित व्हायचा होता.

६/२०
तो प्रश्न विचारण्यासाठी जिवाणू वेगवेगळे करून वाढवता येणे आवश्यक होते. ही सोय १८८० च्या दशकात झाली. रॉबर्ट कॉख यांनी घट्ट पृष्ठभागावर जिवाणू वाढवण्याची रीत रूढ केली. पण जिलेटिन उष्णतेने वितळे. त्यावर फॅनी हेसे या त्यांच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने स्वयंपाकघरातला उपाय सुचवला : समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर. १८८७ साली युलिउस पेट्री यांनी झाकणाची काचेची थाळी आणली. त्याआधीच स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवाच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे जिवाणू पाहून त्यांना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले होते. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी त्यांत सोनेरी आणि पांढरा असे दोन प्रकार पाडले. सोनेरी प्रकार गळवे व पू करणारा म्हणून कुप्रसिद्ध झाला. पांढऱ्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

७/२०
त्याकडे लक्ष दिले ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम वेल्श यांनी. १८९० च्या दशकारंभी शस्त्रक्रियेच्या जखमांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की त्वचा कितीही काटेकोरपणे निर्जंतुक केली, तरी टाक्यांच्या आसपास एक पांढरा जिवाणू हमखास सापडतो. तो बाहेरून येत नव्हता. रुग्णाच्याच त्वचेच्या आतल्या थरांत, जंतुनाशक पोहोचत नाही अशा ठिकाणी, तो राहत होता. वेल्श यांनी त्याच्या नावात ‘एपिडर्मिडिस’, म्हणजे त्वचेचा, हा शब्द घातला. आज तो ‘स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस’ या नावाने ओळखला जातो आणि जवळपास प्रत्येक माणसाच्या त्वचेवर आढळतो. मिरासदाराची ही पहिली स्पष्ट नोंद म्हणता येईल. अर्थात वेल्श यांच्या दृष्टीने तो जखमेतला एक अडथळाच होता.

८/२०
याच रुग्णालयात त्या सुमारास घडलेली एक घटना फार प्रसिद्ध आहे. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिच्या हातांची त्वचा पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटून निघत असे. हॉल्स्टेड यांनी एका रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांचा रुग्णालयातला प्रवेश असा झाला : रुग्णाला जंतूंपासून वाचवण्यासाठी नव्हे, परिचारिकेला जंतुनाशकापासून वाचवण्यासाठी. पुढे हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या रुग्णांची नोंद ठेवून १८९९ साली दाखवून दिले की हातमोज्यांमुळे जखमा चिघळण्याचे प्रमाण खूपच घटते. हात पूर्ण निर्जंतुक करता येत नसेल, तर तो झाकावा, हा व्यवहारी तोडगा निघाला.

९/२०
प्राइस यांचा १९३८ चा प्रयोग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. हात झाकले तरी प्रश्न सुटत नाही, कारण हातमोज्याच्या आतल्या उबेत आणि घामात मिरासदार पुन्हा वाढू लागतात. मोजा फाटला की ते जखमेत उतरतात. म्हणून मोजे घालण्यापूर्वीही हात घासावे लागतात. किती वेळ घासावे आणि कशाने, याला आता प्रथमच आकड्यांचा आधार मिळाला. मात्र त्या आकड्यांतून याहून मोठी गोष्टही पुढे आली होती. घासण्याच्या प्रत्येक समान कालावधीत उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्साच निघतो, याचा अर्थ गणिताने शून्य कधीच येत नाही. त्वचेवर राहणाऱ्या जिवाणूंना संख्या मिळाली. ज्याला संख्या आहे, त्याचा अभ्यास शत्रू म्हणून न करता रहिवासी म्हणूनही करता येतो.

१०/२०
मग हे रहिवासी करतात काय? एक उत्तर १९५३ साली मिळाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील वॉल्टर शेली आणि सहकाऱ्यांनी काखेतील विशिष्ट ग्रंथींचा घाम निर्जंतुक रीतीने गोळा केला. ताज्या घामाला वास नव्हता, आणि जिवाणूंवाचून ठेवला तर तो येतही नव्हता. तोच घाम काखेतील जिवाणूंच्या सहवासात ठेवला, की काही तासांत परिचित दर्प येई. म्हणजे ज्याला माणूस ‘घामाचा वास’ म्हणतो, तो घामाचा नसून घामावर जगणाऱ्या जिवाणूंच्या चयापचयाचा असतो. शरीराच्या दर्पावरून माणसांची, जातींची आणि वंशांची प्रतवारी लावणाऱ्या समजुती जगभर होत्या. हा प्रयोग त्या समजुतींच्या मुळाशी असलेल्या निरीक्षणाचा वेगळा उलगडा करतो.

११/२०
दुसरे उदाहरण तरुण वाचकांच्या अधिक जवळचे आहे. मुरमांतील एका दंडाकार जिवाणूचे वर्णन हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना यांनी १८९६ साली केले होते. आज त्याचे नाव ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस’ आहे. तो त्वचेच्या तैलग्रंथींत, जिथे प्राणवायू अगदी कमी असतो तिथे, राहतो. लहान मुलांच्या चेहऱ्यावर तो अत्यल्प असतो. वयात येताना तैलग्रंथी सक्रिय झाल्या की त्याची संख्या प्रचंड वाढते. तो त्वचेच्या तेलाचे विघटन करून मेदाम्ले मोकळी करतो. ही आम्ले त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी ठेवण्यास हातभार लावतात, आणि अनेक उपऱ्या जिवाणूंना तसे वातावरण मानवत नाही. मुरमांशी ज्याचे नाव जोडले गेले, तोच जिवाणू निरोगी त्वचेवरही सुखाने नांदत असतो.

१२/२०
रहिवासी जिवाणू उपऱ्यांना रोखतात, या कल्पनेची मोठी कसोटी लागली ती प्रसूतिगृहांत. १९५० च्या दशकात ‘८०/८१’ या क्रमांकाने ओळखला जाणारा सोनेरी स्टॅफिलोकॉकस ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णालयांत पसरला. १९५३ च्या सुमारास सिडनीच्या फिलिस राउंट्री यांनी त्याचा माग काढला. पेनिसिलिन त्याच्यावर चालत नव्हते. नवजात अर्भकांच्या अंगावर फोड येत, त्यांच्यापासून मातांना स्तनांचे गळू होत, काही बाळे न्यूमोनियाने आणि रक्तदोषाने दगावत. रुग्णालयांपुढे दोन मार्ग होते. अर्भकाच्या त्वचेवर कोणालाच राहू द्यायचे नाही, हा एक. तिथे आधीच कोणीतरी निरुपद्रवी वसवून ठेवायचे, हा दुसरा. दोन्ही मार्ग चोखाळले गेले.

१३/२०
दुसऱ्या मार्गाची कल्पना न्यूयॉर्कच्या एका नवजातकक्षातील निरीक्षणातून आली. नाकात ८०/८१ बाळगणारी एक परिचारिका अनेक बाळांची देखभाल करीत होती. जन्मून एक दिवसही न झालेल्या बाळांपर्यंत तिचा जिवाणू पोहोचला, पण त्याहून मोठी बाळे मात्र वाचली. त्यांच्या नाकात आणि नाळेवर दुसऱ्या प्रकारचे स्टॅफिलोकॉकस आधीच ठाण मांडून बसले होते. हेन्री शाइनफील्ड, हाइन्झ आयखेनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी यावरून एक धाडसी प्रयोग रचला. ‘५०२ए’ नावाचा, पेनिसिलिनला दाद देणारा आणि सौम्य वाटणारा सोनेरी स्टॅफिलोकॉकस त्यांनी जन्मल्याबरोबर बाळांच्या नाकात आणि नाळेवर मुद्दाम लावला. जुन्या काळी कौल देऊन कुळे वसवीत, तशी ही वसाहत होती.

१४/२०
ओहायो, जॉर्जिया आणि लुइझियाना येथील साथींत ही युक्ती वापरली गेली आणि तिचे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले. ५०२ए ज्यांच्या अंगावर रुजला, त्या बाळांमध्ये ८०/८१ शिरकाव करू शकला नाही. साथी आटोक्यात आल्या. त्वचेवर आधीपासून राहणारा जीव नव्या आक्रमकाला रोखू शकतो, हे माणसांवर सिद्ध झाले. परंतु ५०२ए हासुद्धा सोनेरी स्टॅफिलोकॉकसच होता. काही बाळांना त्याच्यामुळे बारीक फोड आले. १९७२ साली वैद्यकीय नियतकालिकात एका अर्भकाची नोंद आली : ते ५०२ए मुळेच रक्तदोष होऊन दगावले होते. त्यानंतर ही पद्धत मागे पडली. ती ज्यांच्यावर वापरली गेली, त्यांना होकार किंवा नकार देण्याचे वयच नव्हते.

१५/२०
पहिल्या मार्गाची गत याहून वाईट झाली. बाळांना हेक्साक्लोरोफीन या जंतुनाशकाने आंघोळ घालण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली होती. त्याने स्टॅफिलोकॉकस खरोखरच घटत. पण हे द्रव्य नाजूक त्वचेतून रक्तात उतरते आणि मेंदूला इजा करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसू लागले. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अर्भकांना अशी आंघोळ नेमाने घालू नये, असा इशारा दिला. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या एका पावडरीत चुकून सहा टक्क्यांहून अधिक हेक्साक्लोरोफीन मिसळले गेले आणि ३६ बालके मरण पावली. दुसरीकडे, आंघोळी थांबताच काही प्रसूतिगृहांत स्टॅफिलोकॉकसच्या साथी पुन्हा दिसल्या. त्वचा ओसाड ठेवणे आणि ती आपल्या मर्जीने वसवणे, दोन्ही मार्गांची किंमत अर्भकांनी मोजली.

१६/२०
याच काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात दुसरे एक प्रकरण चालू होते. १९५१ मध्ये कैद्यांच्या पायांना बुरशीचा संसर्ग पसरला, म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांना तिथे बोलावण्यात आले. शेकडो माणसे, एकाच जागी, एकाच आहारावर, सतत हाताशी : संशोधकाला यापरते काय हवे? पुढील दोन दशके तिथे कैद्यांच्या त्वचेवर बुरशी, जिवाणू आणि विषाणू मुद्दाम लावून संसर्ग कसा जडतो ते पाहिले गेले. औषध व प्रसाधन कंपन्यांची द्रव्ये तपासली गेली. अमेरिकी लष्करासाठीही प्रयोग झाले. कैद्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता, आणि अनेकांचे खटलेही अजून निकाली निघायचे होते. मोबदला थोडा होता, पण तुरुंगातल्या इतर कामांहून अधिक होता.

१७/२०
न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर, १९४७ सालीच, मानवी प्रयोगांत स्वेच्छेची संमती अनिवार्य मानणारी संहिता जगापुढे आली होती. तुरुंगातल्या गरजू माणसाची सही ही स्वेच्छा मानावी का, हा प्रश्न होम्सबर्गमध्ये कोणी गंभीरपणे विचारला नाही. प्रयोग १९७४ मध्ये थांबले. सुमारे तीनशे माजी कैद्यांनी २००० साली दावा लावला. मुदत उलटून गेल्याच्या कारणाने तो फेटाळला गेला. विद्यापीठाच्या वैद्यकशाळेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने ऑक्टोबर २०२२ मध्ये माफी मागितली. त्वचेवरील जिवाणू मोजण्याची एक प्रमाण पद्धत १९६५ साली क्लिगमन आणि पीटर विल्यमसन यांनीच मांडली : त्वचेवर काचेची नळी धरायची, तीत सौम्य प्रक्षालक ओतून त्वचा घासायची आणि सुटलेले जिवाणू मोजायचे. या विषयातले उपयुक्त ज्ञान आणि हा अन्याय एकाच काळात, त्याच वर्तुळात वाढले.

१८/२०
त्याच १९६५ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील मेरी मार्पल्स यांचा मानवी त्वचेच्या परिसंस्थेवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. मार्पल्स यांनी त्वचेकडे भूगोल म्हणून पाहिले. हाताचा पुढचा भाग त्यांना कोरड्या वाळवंटासारखा दिसला, टाळू थंड अरण्यासारखी, तर काख उष्ण प्रदेशातील दमट जंगलासारखी. कोरड्या भागी दर चौरस सेंटीमीटरला काहीशे ते काही हजार जिवाणू असतात. काखेत हीच संख्या दहा लाखांच्या घरात जाते. ओल, तेल, क्षार आणि ऊब जशी बदलते, तशी वस्तीही बदलते. जानेवारी १९६९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा याच विषयावरील लेख आला. तो वाचून कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी आपल्याच त्वचेवरच्या रहिवाशांना नववर्षाच्या शुभेच्छा देणारी कविता लिहिली.

१९/२०
मार्पल्स यांच्या हाती थाळीत वाढवलेले जिवाणूच होते. अनेक जीव थाळीत वाढतच नाहीत, आणि जे भराभर वाढतात तेच संख्येने अधिक भासतात. ही मर्यादा जनुकीय क्रमवाचनाने ओलांडली. २००९ साली एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि सहकाऱ्यांनी १० निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील प्रत्येकी २० जागांचे नमुने घेऊन जिवाणूंचा एक विशिष्ट जनुक वाचला. २०५ प्रजाती आढळल्या. दोन परक्या माणसांच्या काखांत जितके साम्य दिसले, तितके एकाच माणसाच्या काखेत आणि हातात दिसले नाही. त्वचा तेलकट आहे, ओलसर आहे की कोरडी, यावर वस्ती ठरते. चार दशकांपूर्वी न्यूझीलंडमधून रेखाटलेला तो नकाशा, तपशील सुधारून, नव्या साधनांनी खरा ठरवला.

२०/२०
५०२ए ची कल्पनाही पुन्हा आली, पण वेगळ्या रीतीने. २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दाखवले की निरोगी त्वचेवरचे काही स्टॅफिलोकॉकस सोनेरी स्टॅफिलोकॉकसला मारणारी द्रव्ये तयार करतात, आणि इसबाच्या एका प्रकारात असे रक्षक विरळ असतात. त्यांनी काही रुग्णांच्या स्वतःच्याच त्वचेवरून असे जिवाणू काढले, प्रयोगशाळेत वाढवले, मलमात मिसळून त्याच रुग्णांच्या हातांना लावले. सोनेरी जिवाणूंची संख्या घटली. बाहेरून परका आणून वसवण्याऐवजी त्या गावचा मिरासदारच गावात परत आणला गेला, आणि ज्याची त्वचा होती, त्या प्रौढ रुग्णाची संमती घेऊन. झेमेलवाइसचा धडा यामुळे जुना होत नाही : रुग्णाला हात लावण्यापूर्वी उपऱ्यांना धुऊन टाकलेच पाहिजे. जेवणापूर्वी हात धुताना नळाखालून वाहून जातात ते बहुतांशी हेच. मिरासदार मागे राहतात. त्यांच्याविषयी आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे पाळण्यांतून आणि कोठड्यांतून आले आहे, याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.
(समाप्त)